लीगमध्ये पहिला, तरी कप दुसऱ्याचा! मुंबई सिटीच्या २०२२-२३ हंगामाचा हिशोब

शाहू स्टेडियमच्या गॅलरीत असो नाहीतर गडहिंग्लजच्या मैदानाकडेला, फुटबॉलवाल्यांच्या गप्पांत एक वाद हमखास निघतो. 'अख्खी लीग ज्यानं मारली तो मोठा, का फायनल ज्यानं मारली तो मोठा?' दोन्ही बाजूंना आवाज चढतो, चहा थंड होतो आणि निकाल काही लागत नाही.

या वादाला सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. इंडियन सुपर लीगमधली, म्हणजे आयएसएलमधली, मुंबई सिटी एफसी. २०२२-२३ च्या हंगामात या संघानं साखळीत सलग १८ सामने हार पाहिली नाही. ५४ गोल केले. दोन सामने शिल्लक असतानाच पहिला नंबर पक्का केला. आणि तरीही हंगामाच्या शेवटी फातोर्ड्यात आयएसएलचा चषक उचलला तो दुसऱ्याच संघानं. हे कसं झालं? नियम काय होते? आणि आपल्या तालुक्यातल्या स्पर्धा भरवणाऱ्यांनी यातून काय घ्यायचं? एकेक गोष्ट बघू.

आधी समजून घ्या: शील्ड वेगळी, चषक वेगळा

आयएसएल सुरू झाली २०१४ मध्ये. सुरुवातीची काही वर्षं साखळीत पहिला आला काय आणि चौथा आला काय, फार फरक पडत नव्हता. पुढच्या फेरीत जायला मिळालं की झालं. खरा मान फायनल जिंकणाऱ्यालाच.

२०१९-२० पासून यात बदल झाला. साखळीत पहिल्या येणाऱ्या संघाला 'लीग विनर्स शील्ड' मिळू लागली. नुसती ढाल नव्हे, त्याबरोबर आशियातल्या क्लबांच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेचं, एएफसी चॅम्पियन्स लीगचं, दारही उघडू लागलं. पहिली शील्ड एफसी गोवानं जिंकली आणि तोच संघ २०२१ मध्ये त्या स्पर्धेच्या गटसाखळीत खेळणारा पहिला भारतीय क्लब ठरला.

म्हणजे एकाच स्पर्धेत दोन बक्षिसं झाली. एक, वर्षभर सातत्य ठेवणाऱ्याला, ती शील्ड. दुसरं, साखळीनंतरच्या बाद फेरीत टिकणाऱ्याला, तो चषक. परदेशातल्या बऱ्याच लीगमध्ये साखळीत पहिला आलेलाच चॅम्पियन असतो, बाद फेरीची स्पर्धा वेगळी असते. आयएसएलमध्ये मात्र साखळीच्या पोटातूनच बाद फेरी निघाली आणि 'चॅम्पियन' हा शब्द बाद फेरी जिंकणाऱ्याकडे गेला. सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

हंगामाची सुरुवात: ड्युरंड कप

२०२२ चा हंगाम मुंबईसाठी सुरू झाला ड्युरंड कपनं. १८८८ साली सुरू झालेली ही स्पर्धा आशियातल्या सर्वांत जुन्या फुटबॉल स्पर्धांपैकी एक. उपांत्य सामन्यात मोहम्मेडन स्पोर्टिंगनं मुंबईला शेवटपर्यंत झुंजवलं, पण सामना संपता संपता बिपिन सिंगनं गोल मारला आणि मुंबई १-० नं फायनलला गेली.

१८ सप्टेंबरला कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर समोर होता बेंगळुरू एफसी. शिवशक्तीनं बेंगळुरूला पुढं नेलं, अपुइयानं मुंबईला बरोबरी साधून दिली, पण उत्तरार्धात अॅलन कोस्टाचा गोल निर्णायक ठरला. बेंगळुरू २, मुंबई १. पहिला कप हातचा गेला.

बेंगळुरूचं नाव लक्षात ठेवा. हा संघ पुढं आणखी दोनदा मुंबईच्या आडवा येणार होता.

साखळी: सलग अकरा विजयांचा धडाका

आयएसएल सुरू झाली ऑक्टोबरमध्ये. कोरोनामुळे आधीचे दोन हंगाम अख्खेच्या अख्खे गोव्यात, तेही जवळजवळ बंद दाराआड झाले होते. या हंगामात घरच्या मैदानावर, घरच्या प्रेक्षकांसमोर सामने परत आले. मुंबईचं घर म्हणजे अंधेरीतलं मुंबई फुटबॉल अरिना.

पहिलाच सामना गतविजेत्या हैदराबादशी. ३-३ बरोबरी. पहिल्या पाच सामन्यांत मुंबईनं दोन जिंकले, तीन बरोबरीत सोडवले. वाईट नाही, पण डोळे दिपावेत असंही काही नाही.

नोव्हेंबरमध्ये चेन्नईत गाडी सुटली. दोन गोलांनी मागे पडलेल्या मुंबईनं तिथं चेन्नईयिनला ६-२ नं हरवलं. लगेच पुढच्या सामन्यात घरी बेंगळुरूला ४-० ची धूळ चारली. तिथून पुढं सलग अकरा विजय! जानेवारीत केरळ ब्लास्टर्ससारख्या तगड्या संघावर तर पहिल्या २२ मिनिटांतच चार गोल झाले. नंतर सामना उरला तो फक्त नावाला.

हे काही नशिबानं झालं नाही. संघाची बांधणीच तशी होती. प्रशिक्षक इंग्लंडचे डेस बकिंगहॅम. पुढच्या फळीत अर्जेंटिनाचा होर्खे परेरा डियाझ, त्याच्या मागं स्कॉटलंडचा ग्रेग स्टुअर्ट. दोन्ही बाजूंनी मिझोरामचा लालियानझुआला छांगटे आणि मणिपूरचा बिपिन सिंग. मधल्या फळीत मोरोक्कोचा अहमद जाहू आणि मिझोरामचाच तरणा अपुइया. मागं सेनेगलचा उंचापुरा मुर्तदा फॉल, मेहताब सिंग आणि मुंबईतच वाढलेला राहुल भेके. गोलपोस्टमध्ये सिक्कीमचा फुर्बा लाचेन्पा. एकाला अडवलं तर दुसरा गोल मारायचा. प्रतिस्पर्ध्यानं पकडायचं तरी कुणाला? छांगटेला त्या हंगामातला लीगचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून गौरवण्यात आलं.

११ फेब्रुवारी २०२३ ला फातोर्ड्यात एफसी गोवाला ५-३ नं हरवून मुंबईनं शील्ड पक्की केली. दोन सामने अजून बाकी होते.

हंगाम एका नजरेत (साखळी)

- सामने: २०
- विजय १४, बरोबरी ४, पराभव २
- गोल केले ५४, खाल्ले २१
- गुण: ४६
- दुसरा हैदराबाद: ४२ गुण
- चौथा बेंगळुरू: ३४ गुण

शेवटचे दोन सामने मात्र मुंबई हरली. बेंगळुरूकडून १-२ आणि घरच्या मैदानावर ईस्ट बंगालकडून ०-१. शील्ड आधीच हातात होती, त्यामुळे तेव्हा कुणी फार मनावर घेतलं नाही. पण बाद फेरीच्या तोंडावर लय तुटली, एवढं खरं.

बाद फेरी: इथं गुण शून्यावर येतात

त्या वर्षी बाद फेरीचा साचा बदलला होता. आधी चार संघ पुढं जायचे, आता सहा जाणार होते. पहिले दोन थेट उपांत्य फेरीत. तिसरा विरुद्ध सहावा आणि चौथा विरुद्ध पाचवा यांचा एकेक सामना, जिंकणारे पुढं. उपांत्य फेरी दोन सामन्यांची, एक घरी आणि एक बाहेर. फायनल एकच.

चौथ्या-पाचव्याचा तो सामना फुटबॉलवाले विसरणार नाहीत. बेंगळुरू विरुद्ध केरळ ब्लास्टर्स, ३ मार्च. जादा वेळेत बेंगळुरूला फ्री किक मिळाली. ब्लास्टर्सची भिंत अजून उभी राहतेय, गोलरक्षक जागा घेतोय, तेवढ्यात सुनील छेत्रीनं चेंडू जाळ्यात टाकला. पंचांनी गोल दिला. ब्लास्टर्सचे प्रशिक्षक इव्हान वुकोमानोविच यांनी संघ मैदानाबाहेर बोलावला आणि संघ परतलाच नाही. बेंगळुरू पुढं गेला.

आणि उपांत्य फेरीत मुंबईसमोर आला तो हाच बेंगळुरू. साखळीत मुंबईपेक्षा १२ गुणांनी मागं असलेला. पण बाद फेरीत ते १२ गुण कुठंच मोजले जात नाहीत. दोघांचीही पाटी कोरी. शिवाय बेंगळुरूनं साखळीचे शेवटचे आठ सामने ओळीनं जिंकले होते. एक संघ लयीत आलेला, दुसऱ्याची लय नुकती तुटलेली.

७ मार्चला मुंबईत पहिला सामना. बदली म्हणून उतरलेल्या छेत्रीनं कॉर्नरवर हेडर मारला. बेंगळुरू १, मुंबई ०.

१२ मार्चला बेंगळुरूत दुसरा. सुरुवातीलाच मुंबईला पेनल्टी मिळाली, पण स्टुअर्टची किक गुरप्रीत सिंग संधूनं अडवली. थोड्या वेळानं हावी हर्नांडेझनं बेंगळुरूला पुढं नेलं. आता एकूण हिशोबात मुंबई दोन गोलांनी मागं. तरी संघ मोडला नाही. आधी बिपिन, मग उत्तरार्धात मेहताब सिंग. मुंबई २-१ नं पुढं, दोन्ही सामने मिळून २-२. जादा वेळेतही कोंडी फुटली नाही.

मग टायब्रेकर. दोन्हीकडून एकामागून एक किक जाळ्यात. पाच झाल्या, सडन डेथ सुरू झाली, तरी कुणी चुकेना. अखेर नवव्या किकला गुरप्रीतनं मुंबईचा फटका अडवला. मारणारा कोण? ज्याच्या गोलनं मुंबईला सामन्यात जिवंत ठेवलं होतं, तोच मेहताब सिंग. बेंगळुरूकडून संदेश झिंगननं चूक केली नाही. ९-८. मुंबईचा चषक तिथंच संपला.

एक नियम वेगळा असता तर?

इथं एक बारकी पण महत्त्वाची गोष्ट आहे. पूर्वी अशा दोन सामन्यांच्या लढतीत एकूण गोल सारखे झाले, तर प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर ज्यानं जास्त गोल मारले तो पुढं जायचा. यालाच 'अवे गोल' म्हणतात. मुंबईनं बेंगळुरूत दोन गोल मारले होते, बेंगळुरूनं मुंबईत एक. जुना नियम असता तर मुंबई फायनलला होती!

पण हा नियम युरोपनं २०२१ मध्ये सोडला आणि आयएसएलच्या या लढतीतही तो लागू नव्हता. कारणही समजण्यासारखं आहे. बाहेरचा एक गोल दोन गोलांच्या तोलाचा होत असल्यानं घरचा संघ गोल करण्यापेक्षा गोल न खाण्याकडंच लक्ष द्यायचा, खेळ आखडायचा. त्यामुळे नियम चुकीचा होता असं म्हणायला जागा नाही. नियम हंगामाआधी ठरलेला होता आणि दोघांना सारखा होता. हरल्यावर नियमाला नावं ठेवण्यात अर्थ नसतो.

त्या वर्षीच्या बाद फेरीत आणखी एक गंमत झाली. दुसरी उपांत्य लढत हैदराबाद विरुद्ध एटीके मोहन बागान. दोन्ही सामने ०-० आणि तिथंही टायब्रेकरवर साखळीतला दुसरा संघ बाहेर. फातोर्ड्यातली १८ मार्चची फायनल २-२, पुन्हा टायब्रेकर, एटीके मोहन बागान ४-३ नं विजेता. म्हणजे साखळीतले पहिले दोन्ही संघ टायब्रेकरवर गेले, तिसऱ्या आणि चौथ्याची फायनल झाली आणि तिचाही निकाल टायब्रेकरवरच लागला. बाद फेरी काय चीज आहे ते यावरून कळतं.

मग मुंबईच्या हातात काय उरलं?

ड्युरंडची फायनल हरली. आयएसएलच्या चषकात उपांत्य फेरीत गाडी थांबली. एप्रिलमध्ये केरळात झालेल्या सुपर कपमध्ये गटातूनच बाहेर. कपांच्या बाबतीत हंगाम कोराच गेला.

पण शील्ड होती. तिची किंमत लगेच दिसली. एप्रिल २०२३ मध्ये केरळातल्या मंजेरीत मुंबईचा सामना जमशेदपूरशी झाला. आशियाई स्पर्धेचं वेळापत्रक बदलल्यामुळे २०२१-२२ ची शील्ड जिंकणारा जमशेदपूर आणि २०२२-२३ ची जिंकणारी मुंबई, या दोघांत एकच जागा होती. मुंबईनं ३-१ नं सामना मारला आणि पुन्हा चॅम्पियन्स लीगमध्ये गेली.

याआधी २०२०-२१ च्या शील्डमुळे मुंबई २०२२ मध्ये सौदी अरेबियात ही स्पर्धा खेळली होती. तिथं इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ नं हरवून या स्पर्धेत सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब ठरली. निर्णायक गोल होता राहुल भेकेचा. दुसऱ्या खेपेला, म्हणजे २०२३ मध्ये, आशियाई क्लब थेट महाराष्ट्रात आले. इराणच्या नसाजीशी मुंबईचा सामना पुण्याच्या बालेवाडीत झाला, तर सौदीचा अल हिलाल नवी मुंबईत खेळून गेला. त्या स्पर्धेतले सगळे सहा सामने मुंबई हरली, हेही सांगायला हवं. पण कोल्हापूर-सांगलीच्या पोरांना आशियातले मोठे संघ एका दिवसाच्या प्रवासात बघता आले, ते शील्डच्या जोरावर. चषकाच्या नव्हे.

नाणं उलटंही पडतं

शील्ड एकाला आणि चषक दुसऱ्याला, हे फक्त मुंबईच्याच वाट्याला आलं असं नाही. २०१९-२० ते २०२४-२५ या सहा हंगामांचा हिशोब असा:

- २०१९-२०: शील्ड एफसी गोवा, चषक एटीके
- २०२०-२१: दोन्ही मुंबई सिटी
- २०२१-२२: शील्ड जमशेदपूर, चषक हैदराबाद
- २०२२-२३: शील्ड मुंबई सिटी, चषक एटीके मोहन बागान
- २०२३-२४: शील्ड मोहन बागान, चषक मुंबई सिटी
- २०२४-२५: दोन्ही मोहन बागान

सहापैकी चार वेळा दोन बक्षिसं दोन घरांत गेली. यातलं २०२३-२४ वर्ष बघण्यासारखं आहे. साखळीच्या शेवटच्या सामन्यात मुंबईला सॉल्ट लेकवर मोहन बागानविरुद्ध नुसती बरोबरी पुरेशी होती. १-२ नं हरली. शील्ड एका गुणानं गेली, ४८ विरुद्ध ४७. तीन आठवड्यांत त्याच मैदानावर त्याच दोन संघांची फायनल झाली. मोहन बागाननं आधी गोल केला, पण मुंबईनं ३-१ नं चषक उचलला. वर्षभरापूर्वी जो न्याय मुंबईला कडू लागला, तोच आता मोहन बागानला लागला.

आपल्या तालुक्याशी याचा संबंध काय?

संबंध आहे आणि तो साध्या आकडेमोडीचा आहे.

गावोगावी सुट्टीत, जत्रेला, जयंतीला फुटबॉल, कबड्डी, क्रिकेटच्या स्पर्धा होतात. बहुतेक नॉकआउट. कारण उघड आहे. दिवस कमी, मैदान एक, पंचांचा आणि मंडपाचा खर्च, शिवाय फायनलला गर्दी हवी. नॉकआउटमध्ये १६ संघ घेतले तर १५ सामन्यांत निकाल लागतो. पण त्यातले आठ संघ एकच सामना खेळून घरी जातात. चंदगड, आजऱ्याकडून टेम्पो करून आलेली पोरं एका टायब्रेकरवर परत फिरतात. वर्षभर घाम गाळायचा आणि मैदानात मिळतो तास-दीड तास.

तेच १६ संघ चार-चारच्या चार गटांत टाकले, तर गटाचे २४ सामने होतात आणि प्रत्येक संघाला किमान तीन सामने मिळतात. पुढं गटविजेत्यांची उपांत्य फेरी आणि फायनल मिळून आणखी तीन. एकूण २७. बारा सामने वाढतात, खर्चही वाढतो, हे नाकारून चालणार नाही. पण पहिला सामना हरलेल्या संघाला चूक सुधारायची संधी मिळते, राखीव पोरांना उतरवता येतं आणि चांगला खेळाडू निवड करणाऱ्यांच्या नजरेला पुन्हा पडतो. मुंबईचंच बघा. पहिल्या पाचपैकी तीन सामने बरोबरीत गेले होते. साखळी होती म्हणून पुढचे अकरा विजय दिसले.

कोल्हापूरच्या पेठांत साखळी आणि नॉकआउट दोन्ही खेळायची सवय जुनी आहे. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला. पण शहराबाहेरच्या तालुक्यांत अजूनही एका सामन्याच्या स्पर्धाच जास्त. तिथल्या पोराला वर्षाकाठी खऱ्या चुरशीचे सामने किती मिळतात, याचा हिशोब मंडळांनी आणि शाळांनी एकदा वहीत मांडून बघावा.

तर मोठा कोण?

वादाचं उत्तर एका वाक्यात मागितलं तर असं देता येईल. साखळी सांगते संघ वर्षभर कसा होता, बाद फेरी सांगते त्या दिवशी कसा होता. साखळीत नशीब वीस सामन्यांत विरघळून जातं. टायब्रेकरच्या एका किकमध्ये ते विरघळायला वेळच नसतो. म्हणूनच शील्ड खेळाडूंना आणि प्रशिक्षकांना जास्त पटते आणि फायनल प्रेक्षकांना जास्त ओढते. दोन्हीची गरज आहे. फायनल नसेल तर गॅलरी भरत नाही आणि साखळी नसेल तर खेळाडू घडत नाही.

२०२२-२३ ची मुंबई सिटी देशातला त्या वर्षीचा सर्वांत सातत्याचा संघ होता, यात शंका नाही. आणि त्या वर्षीचा चषक एटीके मोहन बागाननं नियमानं, रीतसर जिंकला, यातही शंका नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. गॅलरीतला वाद मिटणार नाही, पण पुढच्या वेळी निघाला तर निदान आकडे हाताशी असतील.